बायोडाटातलं ते पॅकेज आधी खोडा

वूडलंड्स, सिंगापूर
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मोठे बाबा बाजूलाच असतात, ओसरीवर आणखी कोणी बसलेलं असतं, आणि पैशाचं बोलणं अर्धंच राहून जातं. म्हणून दादाच्या मोबाइलवर हे पत्रच लिहून पाठवते. दादा, रात्री जेवणं झाल्यावर दोघांना नीट वाचून दाखव. घाईनं नको.

माझी तब्येत एकदम चांगली आहे. आई, व्हिडिओवर मी वाळलेली दिसते म्हणतेस, तो या खोलीतल्या पांढऱ्या लाइटचा प्रकार आहे. तू दिलेलं तिखट अजून पुरतं आहे, रविवारी झुणका होतोच. बाबा, रात्रपाळीची काळजी खरंच सोडा. कंपनीची बस घेऊन जाते आणि बिल्डिंगखाली आणून सोडते. रात्री दीड वाजताही इथं एकटी बाई रस्त्यानं चालत जाते, कोणी वळूनसुद्धा पाहत नाही. आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलीच, तर आमच्या एस पासवर, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्यावर, कंपनीला वर्षाला कमीत कमी ६०,००० सिंगापूर डॉलरचा विमा काढावाच लागतो, तो काढलेला आहे. दाताचं त्यात बसत नाही, म्हणून दाढ गावी आल्यावर यवतमाळलाच दाखवीन. फार दुखत नाही.

वहिनी विचारत होती, बाहेर जेवता म्हणजे हॉटेलात का? हॉटेल नाही. हॉकर सेंटर म्हणजे मोठं शेड, कडेनं ओळीत लहान लहान दुकानं आणि मधे टेबलं. चार-सहा डॉलरमध्ये पोटभर होतं. पण तिथली जागा धरायची रीत मला पहिले काही दिवस समजलीच नाही. दुपारी बारा वाजता तोबा गर्दी असते. माणूस येतो, खिशातलं टिश्यू पेपरचं पाकीट रिकाम्या टेबलावर ठेवतो आणि खुशाल रांगेत जाऊन उभा राहतो. झालं, टेबल त्याचं. कोणी छत्री ठेवतं, कोणी तर ऑफिसचं ओळखपत्र ठेवून जातं, आणि ते चोरीला जात नाही. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, फक्त आपल्याकडे त्या रुमालावरून भांडणं होतात, इथं आवाजही चढत नाही. एकदा एक म्हातारी बाई गरम सूपचा वाडगा धरून उभी होती. समोर चार खुर्च्या रिकाम्या, टेबलावर फक्त ते पाकीट. ती बसली नाही. मी उठून माझी जागा दिली तेव्हा बसली, आणि मग त्या पाकिटाचा मालक आला. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. जेवण झालं की आपला ट्रे आपणच उचलून ठेवायचा, २०२१ पासून तसा नियमच आहे. ते मात्र मला फार आवडलं.

आता मुद्द्याचं. दादानं माझ्या लग्नाच्या बायोडाटाचा फोटो पाठवला. त्यात मोठ्या बाबांनी 'पॅकेज ३४ लाख' असं ठळक लिहिलं आहे. हिशेबानं ते खोटं नाही. माझा पगार महिन्याला ४,२०० डॉलर, डॉलरचे ६८ रुपये धरले तर महिन्याचे २,८५,६०० होतात आणि वर्षाचे ३४ लाखांच्या वर. पण डॉलरमध्ये कमावून रुपयात खर्च करता आला असता, तर तो आकडा खरा. असं जमतं ते माझ्या ओळीतल्या मलेशियन मुलींना. त्या पहाटे चारला उठून पुलापलीकडून, जोहोर बहारूहून रोज येतात. एका इथल्या डॉलरला त्यांना तीन रिंगिटच्या वर मिळतात, घर तिकडं, किराणा तिकडं. मी राहते इथंच.

एका सरकारी फ्लॅटमधल्या एका खोलीचे ९५० डॉलर जातात, म्हणजे चौसष्ट हजार रुपये. होय बाबा, एका खोलीचे. स्वयंपाकघर घरमालकिणीसोबत वाटून. खाण्यापिण्याला ६००, प्रवास-फोनला १३०. कर इथं महिन्याच्या पगारातून कापत नाहीत, वर्ष संपल्यावर एकदम मागतात, म्हणून त्याचे १०० दरमहा बाजूला ठेवते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मला पीएफ नाही. इथला सीपीएफ फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. इथल्या माणसासाठी कंपनी पगाराच्या वर १७ टक्के भरते, माझ्यासाठी एक डॉलर नाही. म्हातारपणासाठी जे काही ठेवायचं, ते माझं मलाच ठेवावं लागतं.

तुम्ही मामाच्या पोराचं सांगता, की कतारला त्याचा पगार माझ्या निम्माही नाही. पण त्याचं राहणं कंपनीचं, बस कंपनीची, घरी यायचं तिकीट कंपनीचं, आणि कर शून्य. त्याच्या हातात पडलेला रियाल जवळजवळ पूर्ण उरतो. त्याला कमी लेखू नका, आणि मामीसमोर माझा आकडा तर अजिबात सांगू नका. आमच्या इथले जुने साहेब सांगतात, पूर्वी बाहेरून बोलावलेल्या माणसाला घरभाडं, पोरांच्या शाळेची फी, वर्षाला तिकीट, सगळं मिळायचं. आता वरच्या थोड्या लोकांना तसं मिळतं. बाकी आमच्यासारख्यांना एक पगार, त्यात काय ते बसवा. आणि कार घेतली का म्हणून जे विचारून राहिले त्यांना सांगा, इथं गाडीच्या किमतीआधी ती दहा वर्षं ठेवायचा परवानाच एक लाख डॉलरच्या वर जातो. मेट्रो चांगली आहे.

एवढं सांगते ते रडगाणं म्हणून नाही. घरी १,५०० डॉलर पाठवते ते पाठवतच राहीन, त्यात खंड पडणार नाही. पण त्या ३४ लाखांच्या भरवशावर मोठ्या बाबांनी कोणाला शब्द देऊ नये. स्लॅब टाकायचं या वर्षी काढू नका. आधी पीककर्ज भरा.

बाबा, कापूस घरी आला की लगेच व्यापाऱ्याच्या गळ्यात घालू नका. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा क्विंटलला ८,११० आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. दादा, सरकारी खरेदीच्या कपास किसान ॲपवर नोंदणी झाली नसेल तर उद्याच कर. वेचणीच्या मजुरीसाठी वेगळे ३०० डॉलर परवा टाकले आहेत, बाया लावा. आईनं गुडघा धरून वावरात जायचं नाही. आई, मला वहिनीनं सांगितलं आहे, नाही म्हणू नकोस.

दिवाळीला आले नाही, ते मला रोज आठवतं. सेरंगून रोडवर काय रोषणाई होती! फोटो पाठवले होते, खूप मजा केली आम्ही. तुम्ही जेवायला बसले असाल त्या वेळेला मी पाळीवर होते, ते बरंच झालं.

अकोल्याच्या स्थळाबद्दल. मुलगा बोलायला चांगला वाटला, बँकेतली नोकरी आहे, मला आवडला म्हटलं तरी चालेल. पण त्यांच्या घरचे म्हणत होते, लग्नानंतर तोही लगेच सिंगापूरला जाईल. बाबा, ते आत्ताच स्पष्ट करा. नवऱ्याला सोबत ठेवायचं तर माझा महिन्याचा ठरलेला पगार कमीत कमी ६,००० डॉलर पाहिजे, तो नाही. उद्या तेवढा पगार झाला तरी नवरा म्हणून मिळणाऱ्या पासवर आलं म्हणून नोकरी करता येत नाही. २०२१ पासून त्यासाठी स्वतःचा वेगळा पास लागतो. आणि माझी नोकरी सुटली तर महिनाभरात मलाही निघावं लागेल. तसं काही चिन्ह नाही, घाबरू नका, पण लपवून सोयरीक करायची नाही. बायोडाटात फक्त 'सिंगापूरला कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर' एवढं लिहा आणि आकडा त्यांनी विचारला तर हे पत्रच वाचून दाखवा.

हे ऐकूनही ते तयार असतील तर जानेवारीतला रविवार ठरवा, मी रजा टाकते. तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत. मोठ्या बाबांना राग येईल, त्यांना मी स्वतः फोन करीन, तुम्ही काही बोलू नका. आजीला नमस्कार, दादाच्या छोटूला पापा.

तुमची,
ताई

ता. क. दादा, १,५०० पैकी बँकेच्या हप्त्याचे आधी वळते कर, मग बाकीचं. पावतीचा फोटो पाठव.