फेतिसोव पळून गेला नाही

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. साहेबांनी शब्द देऊन फिरवला, याचा संताप येणारच. पण ‘एक दिवस कुणाला न सांगता निघून जातो’ हे काही मला पटलं नाही. तू डेट्रॉईटला रेड विंग्ज या आइस हॉकी संघाचे सामने बघतोस, म्हणून त्यांच्याच एका जुन्या बचावपटूबद्दल लिहितो. व्याचेस्लाव फेतिसोव.

मॉस्कोचा, जन्म 1958 चा. सीएसकेए हा सोविएत लष्कराचा संघ, त्यामुळे तिथले खेळाडू कागदोपत्री लष्करी अधिकारी. प्रशिक्षक विक्टर तिखोनोव त्यांना वर्षातले दहा-अकरा महिने छावणीत डांबून ठेवत, बायकामुलं असलेल्यांनासुद्धा. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी सोविएत संघाला 4-3 असं हरवलं. पुढे 1984 आणि 1988 ला ऑलिंपिक सुवर्ण. बचावपटू असूनही फेतिसोव पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन स्वतःच पुढे मुसंडी मारायचा. लारिओनोव, मकारोव, क्रुतोव पुढे आणि मागे कासातोनोव. या पाच जणांचे जुने सामने यूट्यूबवर आहेत, जरूर बघ. वळूनही न बघता पास देतात, कारण दुसरा तिथे असणार याची खात्रीच असते.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या न्यू जर्सीच्या संघाने त्याला 1983 मध्येच निवडून ठेवलं होतं. 1988 च्या सुवर्णानंतर सोडू, असं सांगितलं गेलं आणि मग सोडलं नाही. परदेश दौऱ्यात पळ काढणं त्याला अवघड नव्हतं. त्याचा विशीतला सहकारी मोगिल्नी 1989 च्या मे महिन्यात स्टॉकहोमहून तसाच गेला. फेतिसोवला ते नको होतं. जायचं तर उघड, स्वतःच्या नावाने, आणि कमाईही स्वतःच्या हातात. तो तिखोनोवविरुद्ध जाहीर बोलला. मग संघाबाहेर काढलं, सरावही बंद. तेव्हा सहकारी टीव्हीवर येऊन म्हणाले, फेतिसोव नसेल तर आम्हीही जागतिक स्पर्धा खेळणार नाही. त्याला परत घ्यावं लागलं, सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी तो राजरोस अमेरिकेला गेला. मला विचारशील तर त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा ते एक वर्ष मोठं.

किंमतही मोजली. वर्षानुवर्षं बचावात जोडीला खेळलेला कासातोनोव त्या भांडणात तिखोनोवच्या बाजूने राहिला. पुढे तोही न्यू जर्सीतच आला. एकाच संघात खेळायचे, पण बोलत नव्हते. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. त्यातून वय एकतीस, खेळायची पद्धत वेगळी आणि प्रतिस्पर्ध्यांचे धक्के. सुरुवातीची वर्षं कठीणच गेली.

1995 मध्ये, सदतिशीला टेकला असताना, डेट्रॉईटने त्याला घेतलं. तिथे प्रशिक्षक स्कॉटी बोमनने पाच रशियन एकत्र बर्फावर उतरवले. 1997 ला डेट्रॉईटने 42 वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकला. कप्तान आयझरमनने चषक सर्वांत आधी फेतिसोवच्या हाती दिला, आणि त्याने लारिओनोवला बोलावून दोघांनी मिळून तो मिरवला.

सहाच दिवसांनी, 13 जूनला, त्यांची लिमोझिन वुडवर्ड ॲव्हेन्यूवर झाडावर आदळली. चालकाचा परवाना आधीच निलंबित होता. फेतिसोव बचावला. त्याचा तरुण सहकारी, बचावपटू व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव, मेंदूला मार लागल्यामुळे पुन्हा कधी खेळू शकला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कप जिंकला, तेव्हा त्याला व्हीलचेअरवरून बर्फावर आणलं आणि चषक त्याच्या मांडीवर ठेवला. तू त्याच रस्त्याने ऑफिसला जातोस. रात्री कुणाबरोबर गाडीत बसताना चालवणारा कोण आहे, ते आधी बघत जा.

आता तुझं. साहेबांना लेखी मेल कर, काय ठरलं होतं ते तारखांसकट लिही आणि उत्तराची मुदत माग. नाहीच जमलं तर नोटीस देऊन रीतसर सोड. पण त्याआधी नोकरी सुटल्यावर व्हिसावर मिळणाऱ्या साठ दिवसांचा हिशोब नीट लाव, आणि दुसरीकडचं पत्र हातात पडू दे. मेलचा मसुदा मला रविवारपर्यंत पाठव, फोनवर बोलू.

तुझा,
बाबा