मंत्री साहेब, ग्रामसभेतले सत्कार कमी करा, प्रश्नांना वेळ द्या

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

रामराम साहेब. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातनं लिहितोय, गावाचं नाव घालत नाही, उगाच भावकीत वाद नको.

विषय ग्रामसभेचा. आमच्याकडं आता एकच टूम निघालीय, सभा लवकर आटपायची. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेच्या व्हरांड्यात सभा सुरू, पहिला अर्धा तास पाहुण्यांचं स्वागत, शाल, नारळ, फेटा, परत आभार, आणि मग भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, मागच्या सभेचं इतिवृत्त असं काही वाचतात की मंगलाष्टका बऱ्या. तोवर हजेरीचं रजिस्टर सह्यांसाठी फिरत असतंय. बायका सगळ्या मागच्या खांबाजवळ, तिथं माईकचा आवाज पोचत नाही. मागं एका वहिनींनी विचारलं, वरच्या गल्लीत पाणी चढत नाही त्याचं काय झालं, तर उत्तर आलं, "घरगुती प्रश्न ऑफिसात सांगा, वेळ नाही." अहो अख्ख्या गल्लीचं पाणी घरगुती कसं काय? आणि शालीला वेळ होता की!

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. सगळ्यांना बोलू द्या म्हटलं की तेच चौघे उठतात, बांधाचं भांडण, जुनी निवडणूक, सगळं निघतंय, तास दीड तास जातोय आणि बाकीचे वैतागून घरी. "आयत्या वेळचे विषय" येईस्तोवर खुर्च्याच उरतात, आणि गंमत म्हणजे खरं काय ते तिथंच मंजूर होतंय. म्हणजे सभा लांबली तरी गरिबाचं तोंड बंदच.

नियमात कोरम, म्हणजे किमान हजेरी, आहे, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. पण सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरमच लागत नाही. मग मुद्दाम माणसं जमवायचीच कशाला, तहकूब करा आणि आपल्या वीस जणांत उरका, झटपट काम! महिला सभा आधी घ्यायची हा पण नियम आहे, पण तिथले ठराव मुख्य सभेत कुणी वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, नंतर शासनानं इतर गावांना पण तसं करायला सांगितलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे विषय दहा मिनिटांत सह्या घेऊन उरकायचे हायत का? कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी पण सगळे पक्ष एकत्र बसले, वाद घातला, म्हणून तर माणसं रस्त्यावर टिकली आणि 2015 च्या शेवटी टोल गेला.

वेळ वाचवायचाच असेल तर योग्य जागी वाचवा. जमाखर्च आणि विषयपत्रिका आठ दिवस आधी बोर्डावर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, म्हणजे सभेत वाचत बसायला नको. सत्कार वेगळ्या दिवशी. महिला सभेचे ठराव पहिले घ्या, बोलायला तीन मिनिटं, आणि जो आधी बोललाय त्याचा दुसरा नंबर सगळ्यांत शेवटी. तारीख सुट्टीची आहे ते बरंच आहे, एमआयडीसीतली पोरं घरी असतात, पण तास बघून ठरवा. सकाळी डेअरीत दूध घालून, जनावरांचं आवरून, पोरांचं करून बाई येणार कधी? संध्याकाळची धार उरकल्यावर घ्या. आणि तहकूब सभेला निदान निम्मा तरी कोरम ठेवा, हे मात्र तुमच्याच हातात आहे, त्याला नियम बदलायला लागतोय.

बाकीच्याला नुसतं एक परिपत्रक पुरतंय. 2 ऑक्टोबरच्या आधी निघालं तर या खेपेच्या सभेलाच लागू होईल.

आपला,
करवीर तालुक्यातला एक मतदार