नातीला लूपमध्ये १०० टक्के, आणि लूप मात्र येत नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पायथन शिकवणीची उरलेली फी परत मिळण्याबाबत

महोदय,

जूनमध्ये नातीसाठी आपल्या 'बुद्धिमान' संगणकी शिकवणीची (पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची) वर्षाची फी, १२,००० रुपये, एकरकमी भरली. मूल नेमकं कुठे अडलं ते ओळखून शिकवणारा खासगी शिक्षक, अशी आपली जाहिरात होती. मी स्वतः पॉलिटेक्निकात २२ वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली. म्हणून परवा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

गणित होतं, १ ते एन आकड्यांची बेरीज. तिने लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारी रचना, लिहिला आणि त्याच्या रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं तिथे, १ आणि एन लिहिलं. पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही, त्यामुळे एनला ५ दिल्यावर १५ ऐवजी १० आले. वर्गात दरवर्षी दिसायची अशी चूक! आपली पहिली हिंट : "लूप वापरून पाहा." अहो, लूपच तर लिहिलाय तिने. दुसरी हिंट तीच. तिसरीत आख्खा प्रोग्राम. पोरीने तो उतरवला, पडद्यावर फुलं उधळली आणि 'लूप : प्रभुत्व १०० टक्के'. "आजोबा, तीनदा दाबलं की उत्तर येतंच," असं मलाच शिकवलं तिने.

मग एनला एन अधिक एकने गुणून दोनने भागायचं सूत्र मी सुचवलं. उत्तर १५.० आलं आणि लाल फुली पडली. पायथन ३ मध्ये एका तिरक्या रेघेने भागलं की दशांश येतो, दोन रेघा दिल्या की इथे सरळ १५ मिळतात. एवढं सांगायला एक ओळ पुरली असती. आपण सांगितलं, "आउटपुट जुळत नाही."

हे जमण्यासारखं नाही म्हणावं, तर कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन यांच्या गटाचा 'लिस्प ट्यूटर' हा लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारा संगणक प्रोग्राम १९८० च्या दशकातच विद्यार्थ्याची एकेक पायरी नियमांशी ताडून चूक तिथल्या तिथे दाखवत होता.

चॅटवर तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा "आपला अभिप्राय मोलाचा आहे." माणूस काही भेटला नाही.

उरलेल्या ८ महिन्यांचे ८,००० रुपये परत करावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करीन. पावती व स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
एक आजोबा (फी भरणारा ग्राहक)