रँडम व्हायब्रेशनची गाठ सोडवून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सच्या ब्रॅकेटचं रँडम व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिस (अनियमित कंपनांत भाग टिकेल का, याचं संगणकावरचं गणित) तुमच्यामुळे मार्गी लागलं. फोनवर आभार मानले होतेच, पण तुम्ही समजावलेलं इतरांच्याही कामी यावं म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

कुठली सेटिंग काय करते, हे सॉफ्टवेअरच्या मदतीत असतं. ती कधी बदलायची आणि बदलली तर उत्तर कुठे सरकतं, हे शिकवायला माणूसच लागतो. तुम्ही आधी मला मोडल अ‍ॅनालिसिसच उघडायला लावलंत, म्हणजे भागाच्या नैसर्गिक वारंवारता आणि त्यांवरची कंपनाची रूपं (मोड) काढणारं गणित. पीएसडी (कोणत्या वारंवारतेला कंपनाची तीव्रता किती, ते सांगणारा आलेख) २००० हर्ट्झपर्यंत असेल तर मोड साधारण दीडपट, म्हणजे ३००० हर्ट्झपर्यंत काढायचे आणि तिन्ही दिशांना इफेक्टिव्ह मास (त्या मोडमध्ये सहभागी होणारं वस्तुमान) पुरेसं जमलंय का ते तपासायचं. घर्षणाचे कॉन्टॅक्ट इथे लिनियर होऊन जातात, म्हणजे कंपनात सांध्याची स्थिती बदलत नाही असं धरलं जातं, त्यामुळे बोल्टच्या सांध्यात आपण नेमकं काय गृहीत धरलंय हे आधी बघायचं, हेही तुम्हीच दाखवलंत.

नगण्य मोड वगळण्याच्या पर्यायाबद्दल तुमचा सल्ला सरळ होता: पहिल्यांदा मर्यादा शून्य ठेवायची, म्हणजे सगळे मोड हिशेबात येतात. मग ती थोडी वाढवून स्ट्रेस किती हलतो ते पाहायचं. हलला नाही तरच वेळ वाचवायचा.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही डॅम्पिंगवर (कंपन शमण्याच्या प्रमाणावर) दिलात आणि त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. कागदावर एका मोडच्या प्रतिसादाचा झटपट अंदाज देणारं माइल्सचं समीकरण मांडलंत: पाय भागिले दोन, गुणिले नैसर्गिक वारंवारता, गुणिले क्यू (अनुनादात कंपन किती पट वाढतं ते; १ भागिले डॅम्पिंगची दुप्पट), गुणिले पीएसडी, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. २०० हर्ट्झचा मोड, ०.०४ जी वर्ग प्रति हर्ट्झ पीएसडी आणि २ टक्के डॅम्पिंग धरलं तर क्यू २५ येतो आणि प्रतिसाद सुमारे १७.७ जी आरएमएस (गुरुत्वत्वरणाच्या पटीत, वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ). डॅम्पिंग ५ टक्के केलं की तोच प्रतिसाद ११.२ वर उतरतो. मेश, मटेरियल, लोड काहीही न बदलता एवढा फरक! एकच मोड वरचढ असेल आणि त्याच्या आसपास पीएसडी सपाट असेल, तरच हे समीकरण चालतं, अशी ताकीदही लगेच दिलीत. तेव्हापासून सॉफ्टवेअरचं उत्तर आधी हाताने ताडून बघतो आणि आधीच भरलेलं डॅम्पिंग डोळे मिटून स्वीकारत नाही.

निकाल वाचायचं तुमचं वळणही मनावर ठसलं. पडद्यावरचा आकडा एक सिग्माचा (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) आहे की तीनचा, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक सिग्माच्या आत प्रतिसाद ६८.२७ टक्के वेळ राहतो, तीनच्या आत ९९.७३ टक्के, पण हे गॉसियन वितरणाचं गणित आहे, व्हॉन मायसेस स्ट्रेसला (सगळ्या दिशांचे ताण एकत्र करून काढलेल्या, कधीच ऋण नसलेल्या आकड्याला) ते जसंच्या तसं लावता येत नाही. आणि दोन बिंदूंच्या विस्थापनांची वजाबाकी करून त्यांच्यातली फट काढायची नाही, कारण या आकड्यांत चिन्ह आणि फेज उरलेलीच नसते. बॉक्सचं झाकण आणि सर्किट बोर्ड यांच्यातलं अंतर तपासताना आम्हाला याचा फार उपयोग झाला.

स्वतःचं काम बाजूला ठेवून, एकदाही घाई न करता, तुम्ही प्रत्येक 'का' चं उत्तर दिलंत. मनापासून आभार.

एक विनंती आहे. माइल्सच्या गणिताचा तुमच्या हस्ताक्षरातला तो कागद आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्यांना दाखवायला परवानगी द्याल का? चाचणीतला साइन स्वीपचा (वारंवारता हळूहळू बदलत दिलेल्या कंपनाचा) आलेख हातात आला की त्यावरून काढलेलं डॅम्पिंग तुम्हाला कळवतोच.

आपला नम्र,
एक स्ट्रक्चरल अ‍ॅनालिस्ट