सगळं ‘मर्यादेत’, मग बोटुकली मेली कशानं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पंचगंगेत मासे मेल्याची बातमी वाचली. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला म्हणे. उन्हाळ्यात बंधाऱ्याला पाणी तटलं की हेच वाक्य येतं. छापखान्यात त्याचे खिळे जुळवूनच ठेवलेत की काय? ऑक्सिजन घटतो, मान्य. पण काठाला लागलेला मोठा मासा तरी दिसतो. जिऱ्याएवढ्या पिल्लांचा पंचनामा कोण करणार?

आमचं शेततळं नदीच्याच पाण्यावर आहे. मागे रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. आदल्या सालची मासळी ठणठणीत, बोटुकली मात्र सकाळी बघावं तर पोटं वर करून तरंगलेली. पाणी तपासायला दिलं. रिपोर्ट आला : शिसं मर्यादेत, कॅडमियम मर्यादेत, तांबं मर्यादेत. प्लास्टिकचा तर रकानाच नाही. विचारलं तर तिथला पोरगा म्हणतो, “काका, सगळं ओके आहे.” ओके आहे, तर मासे काय हौसेनं मेले?

घरी येऊन मोटरीचा फुटवॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या तोंडाची झडप, वर काढला. जाळीवर रंगीत धाग्यांचा गुंता आणि पिशव्यांच्या चिंध्या. एक चिंधी उन्हानं इतकी ठिसूळ झालेली, की बोटात चोळली तर चुरा झाला. हाच चुरा ५ मिलिमीटरच्या आत आला की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणायचं. पाण्यात जुन्या झालेल्या या कणांवर बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातले जड धातू त्याला चिकटतात. नुकतं खायला लागलेलं पिल्लू किडा समजून तो कण गिळतं, मग धातू पोटात सुटू शकतो. कल्ले, यकृत सगळं अजून कोवळं. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या पिल्लांवर असे प्रयोग झालेत. काहींत दोन्ही मिळून इजा वाढली, तर काहींत प्लास्टिकनं धातू धरून ठेवल्यामुळं उलट कमी झाली. कण केवढा, धातू कोणता, पिल्लू किती दिवसांचं, त्यावर ते ठरतं. अहो, म्हणून तर दोन्ही एकत्र तपासायला पाहिजे! माझी बोटुकली यानंच मेली, असा माझा दावा नाही. पण एकेकाला वेगळं बसवून ‘मर्यादेत’चा शिक्का मारायचा, ही कसली तपासणी? कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं सांडपाणी, कापड प्रोसेसचं रंगीत पाणी, पुलावरून भिरकावलेल्या निर्माल्याच्या पिशव्या, हे काय नदीत पाळीपाळीनं येतंय?

मत्स्यबीज सोडताना हार घालून फोटोसाठी उभे राहणारे साहेब पुढच्या वेळी पाण्यासोबत पिल्लंही प्रयोगशाळेत पाठवतील का, एवढं त्यांना विचारून छापा.

आणि जाता जाता, बातमीसोबत तुम्ही छापलेले मासे बांगडे होते. बांगडा समुद्रात असतो. पंचगंगेत खरंच सापडला असेल, तर ती बातमी पाचव्या पानावर का टाकलीत?

आपला,
एक वाचक, करवीर