दादा, माझी टीम होती तशी परत दिलीत त्याबद्दल

दादा,

थँक्यू म्हणून झालंय मागेच, पण ते अगदीच उरकल्यासारखं झालं, आणि तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलून तुमच्या टीममधल्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे एका फील्डरच्या, दुखऱ्या मांडीवर गेलात. म्हणून आता सगळ्यांसमोर नीट लिहितोय. वाचा किंवा लाजून अर्धवट सोडा, तुमची मर्जी. नाव घेत नाहीये, लीगमधल्यांना बरोबर कळेल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही जो गेम खेळतो त्यात हातात बॅट नसते, बॉल नसतो, काहीच नसतं. बेसबॉल टीमचा जनरल मॅनेजर (जीएम) व्हायचं, कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाला खालच्या लीगमध्ये पाठवायचं, पिचर कोणत्या क्रमाने उतरवायचे हे ठरवायचं आणि मॅच कॉम्प्युटर खेळतो. मागून बघणाऱ्याला वाटतं हा रात्री बसून एक्सेल भरतोय. फासे आणि कार्डं घेऊन हा नाद लोक फार आधीपासून करतायत, स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ चा आहे, आणि आमचा आउट ऑफ द पार्क १९९९ मध्ये आला, तोही एका जर्मन माणसाने बनवलेला, आता बोला. ऑनलाइन लीग म्हणजे लीगची फाइल कमिशनरकडे, म्हणजे लीग चालवणाऱ्याकडे, आपण ती उतरवून घ्यायची, आपल्या टीमचे बदल करायचे, एक्सपोर्ट, म्हणजे त्या बदलांची फाइल, चढवायचा, मग तो सगळ्यांचे एक्सपोर्ट घेऊन पुढचे काही दिवस सिम करणार, म्हणजे त्या दिवसांच्या मॅच कॉम्प्युटरकडून खेळवून घेणार. म्हणजे समोरच्या प्रत्येक टीममागे जिवंत माणूस बसलेला असतो. आणि कमिशनर हा एकटाच असा की ज्याला कोणाच्याही टीममध्ये हात घालता येतो, आणि बहुतेक वेळा त्याची स्वतःची पण एक टीम त्याच लीगमध्ये असते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

कारण आधीच्या लीगमध्ये मी हेच भोगलंय. तिथलं नाव घेत नाही, घ्यायच्या लायकीचं पण नाही. तिथे माझे काही सिम चुकणार होते, आधी सांगून ठेवलं होतं, तर साहेबांनी माझी टीम सरळ कॉम्प्युटरच्या हवाली केली. ठीक आहे, नियम असेल. पण तेव्हा ऑफ सीझन होता, डिसेंबरमधला रूल ५ ड्राफ्ट तोंडावर होता, आणि काही वर्षं मायनर, म्हणजे खालच्या, लीगमध्ये काढलेल्या पोरांना तुम्ही ४० जणांच्या यादीत घेतलं नाही तर त्या ड्राफ्टमध्ये दुसरी कुठलीही टीम त्यांना उचलू शकते. कॉम्प्युटरने माझा सेंटर फील्डर बाहेर ठेवला. आणि उचलला कोणी? कमिशनरने. आता असा उचललेला खेळाडू पुढचा अख्खा सीझन मेन टीमच्या २६ मध्येच ठेवावा लागतो, नाहीतर मूळ टीमला परत द्यायची ऑफर करावी लागते, तर यांनी त्या पोराला वर्षभर बाकावर बसवून कुजवला, सातव्या आठव्या इनिंगला दुसऱ्याच्या बदली पिंच रनर म्हणून पळवायचा फक्त, पण परत दिला नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टमने केलं, मी काय करू?" सिस्टमने केलं! यादी उघडून एक टिक मारायची होती हो. आणि बाकीचे जीएम, जे एरवी बॅकअप कॅचरच्या ट्रेडवर तीन दिवस भांडतात, ते सगळे त्या दिवशी मुके झाले.

त्यामुळे यंदा भर सीझनमध्ये घरी आजारपण निघालं आणि लॅपटॉप उघडायलाही सवड होईना, तेव्हा तुम्हाला, या लीगच्या कमिशनरला, मेसेज करताना मी टीम सोडायचीच भाषा केली होती. म्हटलं नवा जीएम बघा, उगाच रखडायला नको. तुम्ही एवढंच लिहिलंत, "घरचं बघ. टीम कुठे पळून जात नाही." मला वाटलं झालं, आता परत येईन तेव्हा ओसाड घर मिळणार. त्यात तुमची टीम माझ्याच डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात.

आणि मग तुमच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. प्रत्येक सिमनंतर एक. मी वाचत पण नव्हतो तेव्हा, नंतर एका बैठकीत सगळ्या वाचल्या आणि खरं सांगतो हसत हसत डोळ्यात पाणी आलं. "तिसऱ्या नंबरच्या पिचरचं कोपराचं लिगामेंट गेलं, साठ दिवसांच्या जखमींच्या यादीत टाकला, त्यामुळे चाळीसमध्ये एक जागा मोकळी झालीय, ती मोकळीच ठेवलीय, तू आल्यावर बघ." "त्या रिलीव्हरचे ऑप्शन संपलेत, खाली पाठवला तर वेव्हर्सवर जाईल, म्हणून मार खातोय तरी वरच ठेवलाय." (रिलीव्हर म्हणजे मॅचच्या मध्ये उतरणारा पिचर, ऑप्शन म्हणजे त्याला खाली पाठवायची मुभा, आणि वेव्हर्सवर गेला की दुसरी टीम त्याला उचलू शकते.) आणि त्या लिगामेंटवाल्या चिठ्ठीखाली टॉमी जॉन या पिचरचा अख्खा इतिहास, की डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये हे ऑपरेशन पहिल्यांदा त्याच्यावर केलं आणि पठ्ठ्या त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला, त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ तर ऑपरेशननंतरचे आहेत, तेव्हा आल्या आल्या घाबरून पोराला विकू नकोस. दादा, माणूस घरच्या टेन्शनमध्ये आहे आणि तुम्ही त्याला टॉमी जॉन शिकवताय, तुम्ही म्हणजे धन्य आहात!

माझ्या थर्ड बेसच्या पोराचं पण तसंच. तो खाली धुमाकूळ घालत होता, कोणीही वर बोलावला असता. तुम्ही नाही बोलावला, कारण सर्व्हिस टाइम. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे एक पूर्ण वर्ष धरतात आणि तशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, आमची लीगही तेच पाळते, म्हणून त्याचं घड्याळ कधी चालू करायचं हा टीमच्या मालकाचा निर्णय, राखणदाराचा नाही, असं तुमचं म्हणणं. हे डोक्यात येणारी माणसंच किती असतील?

पण हे सगळं एका बाजूला. मला जे सांगायचंय ते त्या सप्टेंबरच्या सिरीजबद्दल आहे. आपल्या दोघांची, तुमच्या ग्राउंडवर. माझी टीम तेव्हा कधीच रेसच्या बाहेर गेली होती, हरलो काय जिंकलो काय, मला शष्प फरक पडत नव्हता. तुम्ही मात्र पहिल्या नंबरसाठी भांडत होतात, एकेक मॅच सोन्याची. आणि माझ्याकडे धड असा एकच पिचर, तो म्हातारा डावखुरा. स्टफ राहिलेलं नाही, फास्टबॉल कोणीही मारेल असा, पण कंट्रोल अजून वीस ते ऐंशीच्या स्केलवर सत्तर आहे आणि चेंजअप, म्हणजे फसवा हळू बॉल, बाहेरच्या कडेला असा ठेवतो की बॅटर आधीच फिरून मोकळा झालेला असतो. तुमच्या लाइनअपमध्ये डावखुरे बॅटर सहा, आणि डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये तुम्हाला जो माणूस समोर नको असेल, तोच.

चावी कोणाकडे? तुमच्याकडे. माझं रोटेशन, म्हणजे पिचरचा क्रम, कोण लावतंय? तुम्हीच. त्याला एक दिवस मागे ढकलला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. कारण पण तयार होतं, वय झालंय, थकवा दिसतोय, सीझन गेलेलाच आहे, पोरांना संधी देऊ. मी स्वतः असतो तर कदाचित खरंच एखाद्या पोराला उतरवला असता. सगळं नियमात. कोणी एक अक्षर बोललं नसतं, मीसुद्धा नाही.

त्या सिमच्या आधीची तुमची चिठ्ठी अजून ठेवलीय, जशीच्या तशी देतो:

"शनिवारी तुझा डावखुरा येतोय. त्याचाच नंबर आहे, चार दिवस विश्रांती झालीय. मी माझी लाइनअप बदलतोय, तुझी नाही."

बस. एवढंच. आणि मग तुम्ही तुमचे तीन डावखुरे खाली बसवून बाकावरची उजवी पोरं उतरवलीत, जे तुमच्या हक्काचं होतं ते, आणि हरलात. तीन एक. बॉक्स स्कोअर मी नंतर किती वेळा उघडून बघितलाय विचारू नका. म्हाताऱ्याने सात इनिंग काढल्या, एकच वॉक, म्हणजे फुकटचा बेस, दिला, आणि सातव्यात दोन आउट असताना तुमचा क्लीनअप हिटर, म्हणजे चौथ्या नंबरचा बॅटर, बेसवर दोन माणसं असताना सोपा उंच झेल देऊन आउट झाला, ते वाचताना मला इतकं विचित्र वाटलं, आनंद पण आणि अपराधी पण. डिव्हिजन तुमच्या हातून गेलं. २०२२ पासून मेजर लीगमध्ये बरोबरी झाली तर जादाची, निकाल लावणारी १६३ वी मॅच नसते, आपसातले निकाल बघतात, आपण पण तेच धरतो, तेव्हा त्या शनिवारचं वजन किती होतं हे मला कोणी समजावून सांगायला नको. वाइल्ड कार्डवरून, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांच्या जागेवरून, पुढे गेलात, तीन मॅचची फेरी, सगळ्या समोरच्याच्या ग्राउंडवर, आणि तिथेच कारभार आटोपला. त्यावर तुमची चिठ्ठी काय? "तुझ्या कॅचरला पुढच्या वर्षी बॅकअप लागेल."

मी या गेममध्ये बरीच हुशार माणसं बघितली. फिप आणि बाबिपसारखे किचकट आकडे तोंडपाठ असलेली, ट्रेडमध्ये समोरच्याची कातडी सोलून घेणारी, आणि त्यात काही वाईट नाही, तो खेळच आहे, मी पण सोलतो. पण हुशारी सगळ्यांना दिसते हो, स्टँडिंगमध्ये दिसते, ट्रॉफीत दिसते. हे जे तुम्ही केलंत ते कुठल्याच कॉलममध्ये येत नाही. लीग चालतात त्या अशा माणसांमुळे चालतात, सॉफ्टवेअर तर सगळ्यांकडे तेच असतं. त्या जुन्या लीगमध्ये पण हाच गेम, हेच बटण, हाच अधिकार, आणि तिथे निम्म्या टीम आता मालकाविना पडल्यात असं ऐकतो. ऐकून वाईट वाटलं असं म्हणणार होतो पण नाही वाटलं.

घरी आता बरं आहे सगळं. विचारत होतात म्हणून सांगतो. आईला मी तुमच्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला, की एका माणसाने माझी टीम सांभाळली आणि त्यात स्वतः हरला, तर ती म्हणाली पैसे किती गेले त्याचे? म्हटलं पैसे नाही गं, तसं नाहीये ते. मग म्हणाली, तरी त्याला विचार काही हवंय का. तर विचारतोय, काही हवंय का?

फक्त डावखुरा मागू नका. तो विकायला नाही, त्याचा कॉन्ट्रॅक्ट मी एक वर्ष वाढवलाय, तुमच्या दोन प्रॉस्पेक्टना, उगवत्या पोरांना, नाही, चारला पण नाही. आणि नव्या पोरांच्या ड्राफ्टमध्ये माझा नंबर तुमच्या बराच आधी येतो, तुम्ही केव्हापासून ज्या कॉलेजच्या शॉर्टस्टॉपवर डोळा ठेवून आहात ना, स्काउटिंग रिपोर्ट मी पण वाचलाय. एक्सपोर्ट चढवलाय. बघून घ्या.

तुमचा,
डिव्हिजनमधला चौथा