आठवड्याला एकच पुस्तक

आदरणीय ग्रंथपाल बाई,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "पुढचे कोण?" म्हणून रांगेकडे वळलात. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहे. शिवाय माझ्यासारखे आणखी काही जण सध्या घरी बसलेले असतील. तुम्ही मला कोणती पुस्तकं कोणत्या क्रमाने दिलीत हे त्यांनाही कळलेलं बरं.

मी मुद्रितशोधक. एकोणीस वर्षं एकाच कचेरीत ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलो. मग ते काम संगणक करायला लागला, आणि त्याच्या हातून निसटलेलं पाहायला सहा माणसं कशाला, एक पुरे, असा हिशेब झाला. तो एक मी नव्हतो. शेवटच्या दिवशी आम्हां पाच जणांना एकेक पाकीट आणि एकेक पुस्तक मिळालं. पुस्तक स्पेन्सर जॉन्सन यांचं, 'हू मूव्ह्ड माय चीज?', १९९८ सालचं. चक्रव्यूहात दोन उंदीर, दोन चिमुकली माणसं आणि एके दिवशी जागेवरून संपलेलं चीज. उंदीर जास्त विचार न करता दुसरं शोधायला पळतात, माणसं आधी आकांत करतात. वाचायला मला चाळीस मिनिटं लागली. राग जायला चार महिने.

ते मी तुमच्या टेबलावर जवळजवळ आपटलंच. "देणगी म्हणून घ्या," म्हणालो. तुम्ही ते उघडलंत, आतल्या पानावरचा कचेरीचा शिक्का पाहिलात आणि शांतपणे म्हणालात, "याच्या तीन प्रती आहेत आपल्याकडे. तिन्ही अशाच आल्यात."

त्या दिवसांत मला हसू आलेलं आठवतं ते एवढंच.

तुम्ही काही विचारलं नाहीत. आत गेलात आणि विल्यम ब्रिजेस यांचं 'ट्रान्झिशन्स' आणून दिलंत. "एकच मिळेल. पुढच्या मंगळवारी परत." मी मनात म्हटलं, काय कंजूष ग्रंथालय आहे.

हे पुस्तक १९८० सालचं. ब्रिजेस मुळात साहित्य शिकवणारे, त्यामुळे या विषयावरच्या पुस्तकांत सहसा न आढळणारी गोष्ट इथे आढळते, ती म्हणजे धड लिहिलेली वाक्यं. बदल वेगळा आणि स्थित्यंतर वेगळं, असं ते म्हणतात. बदल बाहेर घडतो आणि त्याला तारीख असते. स्थित्यंतर आत चालतं, आपल्या गतीने, आणि त्याची सुरुवात शेवटापासून होते. आधी काहीतरी संपतं, मग एक मधला रिकामा पट्टा लागतो आणि त्यानंतर नवी सुरुवात. त्या मधल्या पट्ट्याबद्दल वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण तेव्हा मी रोज सकाळी साडेनऊला आंघोळ करून, शर्ट घालून, चष्मा पुसून टेबलाशी बसत होतो आणि दाराखालून सरकवलेल्या जाहिरातींच्या कागदांवर लाल पेनाने खुणा करत होतो. इथे अनुस्वार हवा. हा शब्द जोडून. इथे काकपद घालून 'च' आत घ्या. कागद संपला की घडी घालून रद्दीत. याला काही नाव असू शकतं, आणि ते नाव 'वेड' नसतं, हे मला ब्रिजेस यांनी सांगितलं.

परत करायला आलो तेव्हा तुम्ही शिक्का मारता मारता म्हणालात की पुढे त्यांची पत्नी कर्करोगाने गेली, तेव्हा आपणच लिहिलेलं त्यांना पोकळ वाटायला लागलं, आणि मग २००१ साली त्यांनी याच विषयावर नव्याने पुस्तक लिहिलं. एवढंच. मला वाटतं, त्या दिवसापासून मी तुमच्याकडे पुस्तकापेक्षा त्याबरोबरच्या एका वाक्यासाठी यायला लागलो.

मधे एकदा मी तुमच्याशी वाद घातला, तो आठवतो का? कचेरीत निरोपाआधी आम्हांला एक प्रशिक्षण दिलं होतं. पडद्यावर एक वळणदार रेघ: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. "तुम्ही सध्या रागाच्या टप्प्यावर आहात," असं आम्हांला समजावणाऱ्या बाईंचं वय माझ्या नोकरीएवढं असेल. तुम्ही मला एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांचं १९६९ सालचं मूळ पुस्तकच काढून दिलंत. त्या डॉक्टर मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशेजारी बसून बोलल्या होत्या आणि टप्पे त्या रुग्णांच्या बोलण्यातून आले होते. कामावरून काढलेल्या माणसांचा त्यात संबंधच नव्हता. कुणीतरी ती रेघ उचलली, वरचा मृत्यू पुसला आणि तिथे 'बदल' लिहिलं. मूळ प्रत न बघता केलेली दुरुस्ती म्हणतात ती हीच.

'फ्यूचर शॉक' मला पेललं नाही, खरं सांगतो. ॲल्विन टॉफलर यांचं १९७० चं हे पुस्तक भलतंच जाड, आणि थोड्या काळात अति बदल झाला की माणूस गांगरतो, हे एवढ्या पानांत सांगायची गरज होती का, असं मला वाटलं. पण त्यातून एक गंमत हाती लागली. होम्स आणि रॅहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, नोकरीवरून काढलं जाणं ४७. म्हणजे लग्नापेक्षा तीन कमी! वर्षभरातल्या घटनांची बेरीज १५० च्या आत असेल तर आजारपणाचा धोका थोडाच, असं ते म्हणतात. मी पेन्सिल घेऊन बसलो. नोकरी ४७, पैशाची ओढाताण ३८, सवयी बदलल्या त्याचे २४, झोप बिघडली तिचे १६. एकूण १२५. नापास झाल्यासारखं वाटलं. तुम्हांला तक्त्यासकट दाखवलं तर म्हणालात, "मग उगाच कशाला रडता?" इतकं वाईट बोलणं दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतलं नसतं.

एव्हरेट रॉजर्स यांचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' (१९६२) तुम्ही दिलंत तेव्हा मी अर्धं वाचून परत करणार होतो. नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा तो अभ्यास. सगळ्यात शेवटी ती घेणाऱ्या १६ टक्के लोकांना त्यांनी मागे रेंगाळणारे म्हटलं आहे, आणि मी त्यांतलाच. पण पुढच्या आवृत्त्यांत हाच गृहस्थ कबूल करतो की आमच्या या अभ्यासशाखेला एक खोड आहे: नवं ते चांगलंच असं आधीच धरून चालायचं, आणि कुणी ते घेतलं नाही तर दोष त्या माणसाला द्यायचा. आपल्याच पुस्तकात आपलंच शुद्धिपत्र छापणाऱ्या लेखकाबद्दल मला धंद्यामुळेच आदर वाटतो.

आणि मग 'मारिएन्थाल'.

हे पुस्तक तुम्ही इतक्या उशिरा का दिलंत ते मला आता कळतं. पहिल्या महिन्यात दिलं असतं तर मी उठलोच नसतो. व्हिएन्नाजवळचं एक छोटं गाव. तिथली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झायझेल हे समाजसंशोधक आणि त्यांचे सोबती तिथे गेले. नुसतं निरीक्षण करायला जायचं नाही, असा त्यांनी दंडक घातला होता. कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांकडून तपासण्या करवल्या, शिवणवर्ग चालवले, आणि ते करता करता नोंदी ठेवल्या.

मुद्रितशोधकाला सवय असते, आधी मुखपृष्ठामागचं पान बघायचं. १९३३ साली जर्मनीत हे पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा त्यावर लेखकांची नावंच नव्हती. ज्यू नावं होती ती. अशी गाळलेली ओळ मी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती.

नोंदी मात्र वाचाव्यात तर यांच्याच. लपवलेल्या घड्याळाने त्यांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते आणि जागोजाग थांबत होते. बायकांना घरचं काम होतं, त्यांचा दिवस मोडला नव्हता. पुरुषांना कुठे पोचायचंच नव्हतं. दिवस कसा गेला हे तासातासाने लिहायला कागद दिले, तर एकाने सकाळच्या एका तासासमोर लिहिलं, तोवर दुपार होते. मी ते वाचलं आणि माझ्या रद्दीतल्या लाल खुणा आठवल्या.

आणि गावातलं कामगारांचं ग्रंथालय! आता वेळच वेळ होता. आधी पुस्तकामागे शुल्क होतं, तेही बंद केलं होतं. कुणालाही वाटेल की लोक पुस्तकांवर तुटून पडले असतील. १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. सगळा वेळ आपलाच झाला की वाचायला वेळ उरत नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण तुम्ही मला भेटेपर्यंत पाच आठवड्यांत मी त्या चीजखेरीज एक पानही वाचलं नव्हतं. ज्याचं आयुष्य वाचण्यात गेलं तो मी.

याहोडा यांनी पुढे आयुष्यभर हाच धागा धरला. पगार सोडूनही नोकरी माणसाला पाच गोष्टी देते असं त्या सांगत राहिल्या: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक ओळख आणि हातांना नियमित चाळा. मी ती यादी पाठ केली नाही. घरी येताना रस्त्यात मोजत आलो. मंगळवार. तुम्ही. आणि तिसरं काय, यावर अडखळलो.

तिसरं तुम्ही पुढच्याच आठवड्यात दिलंत. ग्रंथालयाच्या नियमावलीची नवी आवृत्ती निघणार होती, तिचं प्रूफ माझ्यापुढे सरकवलंत. "बघता का जरा? घाई नाही." आठच पानं. घरी जाऊन दिवा जवळ ओढला, पट्टी ओळीखाली धरली, आणि बऱ्याच दिवसांनी हात आपोआप चालायला लागला. पान ३, नियम ७ वर थांबलो. प्रत्येक सभासदास एका वेळी दोन पुस्तके पंधरा दिवसांकरिता मिळतील.

दोन पुस्तकं. पंधरा दिवस. मी तीन वेळा वाचलं. अठरा मंगळवार मी आठवड्याला एकाच पुस्तकासाठी येत होतो, आणि रांगेतले बाकीचे दोन-दोन काखेत मारून जात होते हे डोळ्यांना दिसूनही मला दिसलं नव्हतं. समोरची चूक न दिसणारा मुद्रितशोधक! मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, 'एक पुस्तक, एक आठवडा? तपासावे.'

आता थोडं काम मिळतं आहे. संगणकाने तपासलेलं पुन्हा तपासायचं. पैसे पूर्वीच्या निम्मे, चुका पूर्वीपेक्षा चमत्कारिक. त्याबद्दल तक्रारही आहे आणि कुतूहलही, पण ते तुम्हांला टेबलापाशी सांगेन. काल नियमावलीचं दुसरं प्रूफ तुमच्याकडून आलं. नियम ७ जसाच्या तसा आहे. माझं प्रश्नचिन्ह तुम्ही एका आडव्या रेघेने खोडलंय आणि खाली लिहिलंय, 'नियम बरोबर आहे. पुढील प्रूफ मंगळवारपर्यंत.'

मंगळवारी आणून देतो.

आपला,
एक सभासद